कारणाचा रकाना

आमच्या कंपनीत ड्रॉइंगवरची एक रेघ बदलली तरी कोपऱ्यातल्या रकान्यात कारण लिहावं लागतं आणि त्याखाली मोठ्या साहेबांची सही घ्यावी लागते. सव्वीस वर्षं मी ड्रॉइंग काढतेय. त्या रकान्यात एकदाही थाप मारलेली नाही.

कंपनी तेल विकते. ताईचे यजमान, म्हणजे माझे भावोजी, तिथेच प्रसिद्धी खात्यात आहेत. समुद्र वाढत नाही, हवामान बदलतंय ही नुसती आवई आहे, अशी गुळगुळीत पत्रकं ते लिहितात. आमची कामगार वसाहत किनाऱ्याला चिकटून. दोन वर्षं झाली, मोठ्या भरतीला पाणी आईच्या स्वयंपाकघरात शिरतं. वसाहतीनं संरक्षक भिंत मागितली, कंपनीनं हात झटकले. प्रकरण सुनावणीला गेलं.

आदल्या दिवशी जेवताना मी विचारलं, "भावोजी, तुमच्या सासूबाई खुर्चीवर पाय घेऊन भाजी चिरतात. ते पाणी पत्रकात कुठं बसवलंत?"

"मला काय दिसत नाही का, मेव्हणीबाई?" ते वैतागले. "पण समुद्र वाढतोय म्हटलं की लोक विचारणार, कशामुळं? मग तेल विकायचं कसं? त्यावर माझा पगार चालतो. तुझाही."

पगाराचं खरं होतं. म्हणून तर मला जास्त राग आला.

सुनावणीत कंपनीच्या वतीनं भावोजी झकास बोलले. "पाणी इंचभरही चढलेलं नाही. भिंतीची गरजच काय?"

मी उठले आणि सुनावणी घेणाऱ्या अधिकारीबाईंच्या टेबलावर जहाजांच्या नव्या धक्क्याचं ड्रॉइंग पसरलं. चोरलेलं नव्हतं हो. परवानगीसाठी कंपनीनंच सरकारात दिलेली प्रत, रीतसर अर्ज करून मिळवली होती. धक्का आधीच्या आराखड्यापेक्षा एक मीटर उंच केलेला.

"कोपऱ्यातलं कारण भावोजींनीच वाचावं," मी म्हणाले. "अक्षर माझं, सही साहेबांची."

भावोजींनी चष्मा लावला, घसा खाकरला. "समुद्राची पातळी वाढत असल्यामुळे."

पुढं कुणाला फारसं बोलावं लागलं नाही. भिंत मंजूर झाली आणि साहेबांनी मला घरी बसवलं. बसवू देत. हात शाबूत आहेत माझे.

भिंतीचं ड्रॉइंग वसाहतीनं माझ्याकडूनच करून घेतलं. आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते पुरं होत असताना भावोजी आले, ड्रॉइंगवर वाकले. मग म्हणाले, "कारण मी लिहू?"

मी पेन दिलं. त्यांनी लिहिलं, 'पाणी चढतंय.'

अक्षर सुरेख आहे त्यांचं, एवढ्या वर्षांत कधी लक्षातच आलं नव्हतं.