कपाळावरची निळी पट्टी

"निळी! निळी झाली!"

लाँड्रीच्या वाळवणीच्या हॉलमध्ये एकच गलका उडाला. दोऱ्यांवर टांगलेल्या इस्पितळाच्या चादरी बाजूला सारून बायका पुढे घुसल्या, बॉयलरवाले टाचा उंचावून बघू लागले, आणि धुलाईखात्यातली एक म्हातारी तर डोळे पुसायला लागली. मधोमध एका ठेंगण्या बाकावर आप्पा उभे होते. चढ-उतार करून छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि कपाळावर चिकटवलेली बोटभर रुंदीची पट्टी, जी मघाशी गुलाबी होती, ती आता निळीशार दिसत होती.

"बघा!" शीतगुरूंनी हात वर केला. अंगात पांढरा शुभ्र ट्रॅकसूट, कानाला माइक, पायात कोरे करकरीत बूट. "हृदय म्हणजे काय? हृदय म्हणजे भट्टी! बिघडलेल्या भट्टीची आच बाहेर येते, सुधारलेल्या भट्टीची आच आत राहते. आले तेव्हा या गृहस्थांचं कपाळ कसं होतं?"

"गुलाबी!" जमाव ओरडला.

"व्यायाम केल्यावर माणूस तापायला हवा. हे गार पडले! का? कारण हृदयानं आच गिळली! म्हणा, कपाळ गार..."

"हृदय दमदार!"

"आजपासून हा माणूस औषधमुक्त!"

टाळ्या कडाडल्या. गुरूंच्या चेल्यानं वेताची टोपली पुढे केली. आप्पांनी खिशातून गोळ्यांची डबी काढली, ती कपाळाला लावली आणि टोपलीत टाकली. आत आधीच डब्यांचा, पाकिटांचा ढीग होता.

दाराशी त्यांची सून उभी होती. कडेवर छकुली, हातात आप्पांचा विसरलेला जेवणाचा डबा. ती शाळेत खेळाची शिक्षिका होती. लेकीसाठी रजेवर होती. ती डबी तिनं स्वतः भरलेली होती. सकाळची गोळी डावीकडे, रात्रीची उजवीकडे, म्हाताऱ्या बोटांना उघडता यावी म्हणून झाकणाला दोरा बांधलेला.

"आप्पा, ती डबी परत घ्या," ती तिथूनच म्हणाली.

सगळा हॉल वळून बघायला लागला. आप्पांचा चेहरा पडला. "घरी बोलू, पोरी," ते पुटपुटले, आणि तिनं इतक्या माणसांत त्यांचा पाणउतारा करायचं टाळलं. नंतर तिला त्याच संयमाचा राग येत राहिला.

घरी बोलणं झालं, म्हणजे भांडण झालं.

"अगं, डोळ्यांनी बघितली ना निळी झालेली?" सासूबाई म्हणाल्या. "पत्त्यांची जादू नव्हती ती. यांचंच कपाळ होतं."

"आई, गेल्या वर्षी झटका आला यांना. गोळ्यांवर उभे आहेत ते."

"गोळ्यांवर कसले? माझ्या पायांवर उभा आहे मी!" आप्पा उसळले. सगळी हयात त्यांनी वाफेच्या इस्त्रीपाशी काढली होती. झटक्यानंतर मालकानं त्यांना घड्या घालायला बसवलं, आणि ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. "तुला काय माहीत, बसून घड्या घालताना कसं वाटतं ते? गुरू म्हणाले, परवा सुट्टीच्या दिवशी महापरीक्षा. ढोल थांबेपर्यंत चढ-उतार करायची. पट्टी निळी राहिली की मालकाला सांगणार ते, याला परत इस्त्रीवर घ्या."

हे ऐकून तिच्या तोंडचं पाणी पळालं. बाथरूमपर्यंत जाऊन येताना भिंतीला हात टेकवणारा माणूस ढोलाच्या तालावर बाकावर नाचणार!

ती जवळ गेली आणि त्यांच्या कपाळाला हात लावला. तसा रोज लावायची, आजारी माणूस म्हणून नव्हे, बाप म्हणून. हाताला एक वास लागला. तिखट, नाकात जाणारा.

"हे काय लावलंय कपाळाला?"

"अर्क आहे तो. पट्टी लावायच्या आधी पुसतात. मला तर काही वास येत नाही."

"मलाही नाही," सासूबाई म्हणाल्या. त्याही त्याच लाँड्रीत होत्या, डाग काढायच्या खात्यात.

संध्याकाळी ती छकुलीला भात भरवायला बसली. दोन शब्द लिहावेत, एका कपड्याची घडी घालावी, असं काहीही करायला तिला मिळायचा तो वेळ या चमचा-वाटीतच जायचा. चमचा निळा होता, तान्ह्यांसाठी मिळतो तसला, गरम लागलं की रंग बदलणारा. तिनं भातात बुडवला आणि तो टोकाकडून पांढरा पडला. भात गरम आहे. तिनं फुंकर घातली. हळूहळू निळा रंग परत आला. छकुलीनं आ केला.

चमचा तिच्या हातातच राहिला.

"आ," छकुलीनं आठवण करून दिली.

"हो गं राणी, हो," ती म्हणाली, आणि घास भरवता भरवता तिला संताप आला. ज्या रंगाच्या जोरावर तान्ह्या लेकरांचं तोंड भाजण्यापासून वाचवायचं, त्याच रंगाच्या जोरावर हा भामटा म्हाताऱ्यांच्या गोळ्या काढून घेत होता.

तिनं घरी परोपरीनं सांगितलं, पण आप्पा ऐकेनात, आणि सुट्टीच्या दिवशी हॉल तुडुंब भरला. आप्पा इस्त्रीखात्यातून निघाले. गुरूंची अटच तशी होती, आधी थोडा वेळ आपल्या कामाच्या जागी उभं राहून "ध्यान" करायचं. मालकानं त्यांच्यासाठी वाफेचं यंत्र मुद्दाम चालू ठेवलं होतं. तिथल्या धगीत चेहरा लालबुंद झाला. दाराशीच चेल्यानं पट्टी लावली. गुलाबी! जमाव हळहळला. मग पट्टी काढली, ओल्या बोळ्यानं कपाळ पुसलं, पट्टी पुन्हा चिकटवली आणि आप्पांना बाकावर नेलं. बाकामागे चादरींच्या आड भला मोठा पंखा घरघरत होता.

ढोल सुरू होण्याआधी सून सरळ बाकाजवळ गेली. एका कडेवर छकुली, खांद्याला पिशवी.

"गुरुजी, एक पट्टी मला द्या."

"ताई, तुमचं हृदय तरुण आहे."

"माझ्यासाठी नाही." तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, फ्रीजमधली, घाम सुटलेली. चेल्याच्या तबकातली पट्टी उचलून तिनं बाटलीला चिकटवली. पट्टी क्षणात निळीशार. तिनं बाटली सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. "बघा हो, या बाटलीचं हृदय तर सगळ्यांत दमदार निघालं! हिच्यासाठी नको का टाळ्या?"

कोणीतरी फिस्कन हसलं. गुरूंचं हसू मात्र जागचं हललं नाही.

"वस्तूला आत्मा नसतो, ताई. पट्टी माणसाशी बोलते. आणि श्रद्धा नसेल तिथे ती खोटंही बोलते."

"म्हणजे खरं बोलली तर तुमची, खोटं बोलली तर आमची? वा!" तिनं खिशातून छकुलीचा चमचा काढला, पिशवीतल्या थर्मासच्या गरम पाण्यात बुडवला. टोक पांढरं पडलं. चेल्यानं कपाळ पुसायला घेतलेला बोळा तिनं ओढून घेतला आणि चमच्यावर फिरवून पंख्यासमोर धरला. चमचा निळा झाला. "माझ्या लेकीच्या भाताचा चमचा आहे हा. याला गरम कळतं आणि गार कळतं. हृदयातलं ओ की ठो कळत नाही. आणि हा अर्क? हुंगा कोणीतरी. लाँड्रीतल्यांनी नको हो, तुमची नाकं याला सरावलीत! बाहेरून आलेल्यांनी हुंगा."

समोरच्या दुकानाचा पानवाला पुढे आला. बोळा नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं. "अरे, हे तर स्पिरिट आहे! इंजेक्शनच्या आधी लावतात ते."

सासूबाईंनी तो हातात घेतला, उलटसुलट बघितला, तो किती भरभर वाळतोय ते बघितलं. "आमच्याच खात्यातलं दिसतंय," त्या हळूच म्हणाल्या. "डाग काढायचं. रोज हातावर सांडतं. सांडलं की गार लागतं."

"गार लागतं कारण उडून जाताना कातडीची ऊब घेऊन जातं," सून म्हणाली. "वर पंख्याचा वारा. आणि ऐका, पट्टी नसती, अर्क नसता, तरीसुद्धा कपाळ थोडं गार पडलंच असतं. मी मैदानावर मुलांना पळवते. पळायला लागलं, की सुरुवातीला कातडीकडचं रक्त पायांच्या स्नायूंकडे वळतं, म्हणून कातडी गार लागते. मग अंग तापलं की रक्त परत कातडीकडे येतं, घाम सुटतो. हे पैलवानाचं होतं आणि रोग्याचंही होतं. कोणाचं किती आणि किती वेगानं, यावरून दमसास जोखता येतो का, ते अभ्यासणारे लोक आहेत. पण ते एकाच खोलीत, एकाच हवेत, कोरड्या कातडीवर मोजतात, सोबत नाडी आणि हृदयाचा आलेख घेतात, आणि तरी म्हणतात, हा नुसता एक धागा आहे. ह्यानं तो धागा उचलला आणि त्याचा तुमच्या गळ्याला फास केला!"

"ढोल वाजवा!" गुरू गरजले. ढोलवाल्यानं काठी उचलून ढोल सुरू केला. आणि आप्पांनी, हट्टानं, बाकावर पाय ठेवला.

"आप्पा, नको!"

"सगळ्यांसमोर माघार घेऊ?" ते दात चावून म्हणाले. एक पायरी, दुसरी. ओठ निळसर दिसायला लागले होते.

सून त्यांच्याकडे नाही वळली. ती सासूबाईंकडे वळली. "आई, झटका आला त्या दुपारी तुम्ही यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. कपाळ कसं होतं यांचं? सांगा सगळ्यांना."

सासूबाईंनी आपल्या तळहाताकडे बघितलं, जणू ते कपाळ अजून तिथेच होतं.

"गार," त्या म्हणाल्या. "बर्फासारखं गार. घामानं थबथबलेलं." मग एकदम त्यांचा आवाज फाटला. "अरे मेल्या, त्या दुपारी तुझी पट्टी लावली असती तर ती सगळ्यांत निळी झाली असती! आणि तू म्हणाला असतास, हृदय दमदार! खाली उतरा हो तुम्ही! उतरा म्हणते ना!"

ढोल थांबला. आप्पा बाकावर तसेच उभे राहिले. त्यांनी हात वर केला, कपाळावरची पट्टी ओढून काढली. मग ते खाली बसले. बसले कसले, कोसळलेच. सुनेनं एका हातानं लेकीला आणि दुसऱ्या हातानं सासऱ्याला सावरलं.

मागच्या दारानं ट्रॅकसूट कधी सटकला ते कोणी बघितलं नाही. चेल्याला मात्र बॉयलरवाल्यांनी कॉलर धरून बसवला. आणि टोपलीभोवती अशी झुंबड उडाली, की काय सांगावं! "ही माझी साखरेची!" "ती लाल कोणाची?" परवा टाळ्या वाजवणारे हात आज टोपलीत आपला जीव शोधत होते. सून ओरडली, "अंदाजानं काही गिळू नका! डब्या घ्या आणि आधी आपापल्या डॉक्टरांकडे जा!"

ती आप्पांना घेऊन थेट इस्पितळात गेली. डॉक्टरीणबाईंनी आलेख काढला, कानउघाडणी केली आणि ठेवून घेतलं. वेळेवर आणलंत, म्हणाल्या. वेळेवर! एका ढोलाच्या अंतरावर होती ती वेळ.

तेव्हा राग येऊ द्या. भोळ्या माणसांचा नको, त्यांच्या भीतीवर पोळी भाजणाऱ्यांचा येऊ द्या. कोणी चमत्कार दाखवला, की टाळी वाजवायच्या आधी तीनच गोष्टी करा. तो बाटलीवर करून बघा. पंखा कुठे आहे ते बघा. आणि जो तुमचं औषध मागतो, त्याला दार दाखवा. त्यासाठी खेळाच्या बाई असायला लागत नाही. डोळे, नाक आणि प्रश्न विचारायची हिंमत एवढं पुरतं, आणि तेवढं प्रत्येकाकडे असतं.

आप्पा घरी आले. एका संध्याकाळी त्यांनी आपणहून छकुलीची वाटी मागून घेतली. चमचा भातात बुडवला, पांढरा पडला. त्यांनी फुंकर घातली, थांबले, निळा होईपर्यंत वाट बघितली आणि नातीला घास दिला.

"पोरी," ते सुनेकडे न बघता म्हणाले, "माझी रात्रीची गोळी कुठल्या बाजूला ठेवली आहेस?"

"उजवीकडे, आप्पा."

"दोरा बांध परत."