नाव लिहू नये

ज्योत्स्नाने कात्रीची पाती कागदाच्या खालच्या कडेला लावली आणि पुन्हा उचलून घेतली. बोटभर रुंदीची पट्टी कापली की काम झालं असतं. पट्टीवर निळ्या शाईत, टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: दिपमाला मंगा भिल, टी. वाय. बी.एस्सी., रोल नंबर एकतीस. त्याच कागदाच्या माथ्यावर ज्योत्स्नाने स्वतः टाइप केलेली ठळक ओळ होती, 'नाव लिहू नये.'

बासष्ट फॉर्म आले होते. त्यातल्या एकसष्ट जणांनी सगळ्या चौकटींत 'उत्तम'वर खूण करून आपली सुटका करून घेतली होती. बासष्टाव्या फॉर्मने मात्र तिची दुपार नासवली.

ही फॉर्मची भानगड मुळात नेदरलँड्सहून आली होती. उच्च शिक्षणात काय सुधारता येईल ते पाहायला प्राचार्य तिकडे अकरा दिवस जाऊन आले. सायकलींसोबतचे त्यांचे फोटो देवपूरच्या त्या कॉलेजच्या प्रवेशद्वारापाशी लागले. अहवाल लिहायचं काम तेवढं ज्योत्स्नाच्या गळ्यात पडलं. ज्योत्स्ना देवरे रसायनशास्त्र शिकवायची, पण सीएचबीवर, म्हणजे जेवढे तास घेईल तेवढाच पगार. पासपोर्ट तिने दुसऱ्यांच्या हातात पाहिला होता. पण एरंडोलच्या घरी दोन रविवार बसून तिने तिकडच्या विद्यापीठांविषयी मिळेल ते वाचलं आणि ती हरखून गेली. तिथे विद्यार्थी शिक्षकांबद्दल निनावी मत देतात आणि मग काय बदललं ते विभागाला सांगावं लागतं! तिने हे अहवालात घातलं. तपासणीची समिती येणार होतीच, प्राचार्यांना कल्पना पसंत पडली. वर्गात फॉर्म वाटताना ज्योत्स्नाचा ऊर भरून आला होता. "न घाबरता लिहा," असं ती तीनदा म्हणाली होती.

दिपमालाने न घाबरता लिहिलं होतं. 'या सत्रात मी ब्युरेटला एकदाही हात लावलेला नाही. लॅबला कुलूप असते. चावी प्रेमराज सरांकडे असते आणि सर अकरा वाजता त्यांच्या खासगी क्लासला जातात. माझ्या जर्नलमध्ये दहा प्रयोग आहेत. सगळी रीडिंग मागच्या वर्षीच्या ताईच्या जर्नलमधून उतरवली आहेत. त्यावर सरांची सही आहे. मंगळवारी परीक्षेला बाहेरचे सर येणार. मला प्रयोग करता येत नाही.'

ज्योत्स्नाला यातलं काहीच नवीन नव्हतं, आणि त्याचीच तिला लाज वाटली. त्या कुलपासमोरून ती रोज दोनदा जात होती. प्रेमराज सर रसायनशास्त्राचे विभागप्रमुख. दर वर्षी तिची मुलाखत घेणाऱ्यांत ते बसत, आणि त्यांनी मान डोलावली की तिला नेमणुकीचा कागद मिळे. अशी आठ वर्षं झाली होती. पुढच्या वर्षाची मुलाखत येत्या शनिवारी होती.

तिने कात्री खणात टाकली आणि शिपायाकडून दिपमालाला बोलावून घेतलं.

मुलगी दारातच चप्पल काढू लागली. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं गाव होतं आणि तीन वर्षं ती देवपूरच्या वसतिगृहात राहत होती.

"अगं, राहू दे चप्पल. हे काय केलंस? वर काय छापलंय, वाचलं नाहीस?"

"वाचलं ना मॅडम."

"मग नाव कशाला लिहिलंस?"

दिपमाला थोडी गोंधळली. कॉलेजात ती पुस्तकातलं मराठी बोलायची, पण मनापासून काही सांगायचं झालं की गावची बोली आपोआप तोंडात यायची.

"नाव नही टाकं ते तो कागद कोना, मॅडम? आमना गावमा रेशनना दुकाननी अशीच बिननावनी तक्रार गयी. सायेब म्हने, कोनं लिखं तेच माहीत नही, ते जाऊ द्या. मंग मन्हा आबानी नाव टाकीसन अंगठा दिधा. तवय माल उना."

"नाव टाकल्यावर तिथे माल आला असेल. इथे रेशन नाही दिपमाला, इथे मार्क आहेत. प्रॅक्टिकलचे मार्क कुणाच्या हातात आहेत?"

"सरांच्या."

"मग? हा कागद घेऊन जा आणि नाव न लिहिता दुसरा लिही. एकटीनं असं पुढं होऊ नये, बाई."

दिपमालाने कागदाची घडी घातली. "एकटीनं होऊ नये," ती स्वतःशीच म्हणाली आणि गेली. ज्योत्स्नाला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचाच राग आला, आणि हातातला चहा तिने तसाच ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, अकराच्या सुमारास प्रेमराज सर स्टाफरूममध्ये डोकावले. हातात गाडीची किल्ली होती.

"मॅडम, ते फॉर्म झाले का? काही विशेष?"

"बघतेय सर."

"बघा बघा. आपली मुलं गुणी आहेत हो. शनिवारी वेळेवर या. या वेळी अर्ज जास्त आलेत, पण तुमचं मी बघतो."

ते हसून गेले. वाईट माणूस म्हणावा असं त्यांच्यात काही नव्हतं, तिच्या मुलीच्या आजारपणात त्यांनी आठवडाभर सुट्टी दिली होती. म्हणूनच तर सगळं अवघड होतं.

गाडी फाटकाबाहेर पडली तशी दिपमाला आत आली. तिने फॉर्म आणला नव्हता. तिच्या हातात फुलस्केपवर रीतसर लिहिलेला अर्ज होता. प्रति, मा. प्राचार्य. विषय, रसायनशास्त्राची प्रयोगशाळा उघडून मिळणेबाबत. मजकूर तोच होता, फक्त 'मी'चं 'आम्ही' झालं होतं. खाली एकाखाली एक वीस सह्या होत्या.

"ही बठ्ठी बॅच शे मॅडम. तुम्ही म्हन्यात ना, एकटीनं होवानं नही."

ज्योत्स्नाला तसं म्हणायचं नव्हतं. तिला अगदी उलट म्हणायचं होतं. पण वीस सह्यांकडे पाहून ते सांगायचं कसं, हे तिला कळेना.

"आणि हे?" तिने बोट ठेवलं.

विद्यार्थ्यांचा अर्ज प्राचार्यांकडे थेट जात नसे, कुणातरी शिक्षकाची सही घेऊन त्यांच्या मार्फत जाई. सह्यांच्या वर डाव्या हाताला लिहिलं होतं: 'मार्फत, प्रा. ज्योत्स्ना देवरे.'

"ऑफिसात म्हणाले, विभागप्रमुखांची सही आणा, नाहीतर विषयाच्या शिक्षकांची आणा."

ज्योत्स्नाने ते दोनदा वाचलं. आठ वर्षांत तिच्या नावाआधी 'प्रा.' कुणी लिहिलं नव्हतं. हजेरीपटावरही 'देवरे मॅडम (सीएचबी)' असंच होतं.

"मी पर्मनंट नाही गं. माझ्या सहीला काय किंमत?"

"वर्गात तर तुम्हीच येतात, मॅडम."

बाहेर कुठलातरी तास सुटला आणि व्हरांडा मुलांनी भरून गेला. ज्योत्स्नाने अर्ज पुन्हा वरपासून तपासायला घेतला. एखादी चूक सापडली असती तर बरं झालं असतं. एकच गोष्ट राहिली होती. उजव्या कोपऱ्यात 'दिनांक' लिहून पुढची जागा मोकळी सोडली होती.

"तारीख घातली नाहीस."

दिपमाला खाली पाहू लागली. "शनिवारी तुमची मुलाखत शे ना. बोर्डवर वाचं आम्ही. पोरी म्हन्यात, तारीख मॅडमच टाकतील. सोमवारनी टाकी तरी चाली."

सोमवारी अर्ज गेला तर मंगळवारच्या परीक्षेआधी लॅब उघडणार नव्हती, हे त्या वीस जणींना ठाऊक होतं. ठाऊक असून त्यांनी ती जागा मोकळी सोडली होती. ज्योत्स्नाने अर्ज समोर ठेवला. तिने खुर्ची पुढे ओढली आणि पेनचं टोपण काढलं.

समोरच्या भिंतीवर भलंमोठं कॅलेंडर होतं. तरी तिने मान वर केली नाही. कॉलेजच्या आवारात आठ वर्षं न बोललेल्या घरच्या बोलीत तिने विचारलं,

"आज काय तारीख शे, दिपमाला?"