आतल्या वाटेचा पिरॅमिड

केदार सरांची खोड एकच, वादात माघार नाही. सिल्वासाच्या मराठी शाळेत ते अजून कंत्राटावरच होते, आणि आज शिक्षणखात्याचे साहेब प्रदर्शन बघून कोणाला कायम करायचं ते ठरवणार होते. "आज तरी तोंड आवरा," असं अमृतानं, त्यांच्या बायकोनं, निघताना बजावलं होतं. आवरतंय कसलं!

मुख्याध्यापिका नलिनीबाईंचं म्हणणं, इजिप्तच्या लोकांनी बाहेरून मातीचा उतार घालून दगड वर ओढले. सर म्हणायचे, छे! एवढा उतार घालायचा तर आणखी एक पिरॅमिडच झाला की! वाट आतून होती, भिंतीतून वळत वळत वर जाणारी. हे पटवायला त्यांनी खडोलीच्या सुताच्या कारखान्यातली रिकामी खोकी आणली आणि आत राहून, गोंद लावत, हॉलमध्ये पिरॅमिड रचला. बाहेर यायला मागे खोक्याएवढी जागा सोडली होती.

शेंडा बसला आणि आत अंधार झाला. सर ओरडले, "सुकदेव, लाव रे!" म्हणजे दिवा लाव. शिपाई सुकदेव हुकमाचा ताबेदार. त्यानं मागच्या जागेत शेवटचं खोकं गच्च लावलं, "लाई दिधं, सर!" म्हणजे 'लावलं, सर' म्हणाला आणि फाटक उघडायला पळाला.

सर घामाघूम. एक लाथ, की सुटका. पण तेवढ्यात साहेबांचे बूट वाजले. आता लाथ मारली तर नोकरीच मोडणार. ते गुडघे पोटाशी घेऊन बसले.

"दगड बाहेरून चढवले, साहेब," नलिनीबाई सांगू लागल्या.

झालं! "साफ चूक! आतून!" पिरॅमिड गरजला.

साहेब दचकले, मग खो खो हसले. "बाहेर या पाहू."

"येता येत नाही, साहेब. मोडेल."

साहेब भोवती फिरले. "अरे वा, दारच नाही! म्हणजे खरंच आतून बांधलाय. बाई, यांना कायम करा. आणि याला कोणी बोट लावायचं नाही, सोमवारी मोठे साहेब बघायला येतील. हॉलला कुलूप घाला."

कायम! सरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतकी वर्षं याच शब्दासाठी जीव टांगणीला होता. बाहेर टाळ्या झाल्या, पावलं लांब गेली, कुलूप खटकन लागलं.

सरांनी लाथ मारायला पाय उचलला. हवेतच थांबवला. आणि हळूच परत पोटाशी घेतला.