तिकडचं टोक

धुवायची गरज नसताना धुतलेला पुरुषाचा शर्ट, दोरीवर.

दोनच पत्ते असलेलं नेटवर्कचं जाळं: एक इकडच्या टोकाला, एक तिकडच्या. तिसऱ्याला जागा नाही.

“गाडी वर पोचली. ड्रायव्हर धुक्याच्या नावाने शंख करतोय,” खरखरत्या फोनवर तो.

ऑफिसात त्याला बुवा म्हणतात.

आता सरळ सांगायला हवं. बुवा म्हणजे तिचा नवरा; डोंगरावर एकटाच राहतो, म्हणून बुवा. डोंगरमाथ्यावर पाऊस आणि नदीचं पाणी मोजणारं केंद्र होतं. तिथले आकडे आले की खालच्या गावांना पुराचा इशारा जाई. आकडे रेडिओच्या जोडणीवरून येत, आणि ती जोडणी जरा वारा सुटला की मान टाकी. म्हणून वर माणूस हवा. म्हणून नवरा वर, बायको खाली, आणि संसार फोनवर, तोही खरखरीसकट.

आता वर फायबरची केबल पोचली होती. तिने ऑफिसात बसून डोंगरावरच्या राउटरमध्ये शिरायचं, नवी केबल जोडलेल्या इंटरफेसला, म्हणजे जोडणीच्या तोंडाला, पत्ता द्यायचा, तो चालू करायचा आणि मग रेडिओचा जुना इंटरफेस बंद. जमलं की वर माणसाचं काम संपलं. बुवा आठवड्यातून एकदाच येणाऱ्या सामानाच्या गाडीतून त्याच दुपारी घरी.

नियम तिचाच, साऱ्या ऑफिसला तिनेच लावलेला: लांबच्या राउटरला हात लावण्याआधी त्याला बजावून ठेवायचं, ‘थोड्या वेळाने आपोआप बंद होऊन चालू हो.’ चूक झाली, आपणच बाहेर फेकले गेलो, तरी तो जुन्या सेटिंगसह उठतो. सगळं नीट झालं तर बजावलेलं मागे घ्यायचं.

त्या दुपारी तिने बजावलं नाही. गाडी वर खोळंबली होती. तिने नवा पत्ता टाकला, पण जुन्या इंटरफेसवर. ज्यावरून ती आत शिरली होती, त्याच.

स्क्रीन गोठला.

“बसलेली फांदीच तोडलीत, बाईसाहेब,” मागून मामा म्हणाले. मामा म्हणजे तिचे वरिष्ठ. तसे ते कुणाचेच मामा नव्हते. मग तिचा चेहरा बघून त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

बदल जतन झालेला नव्हता. वर कुणीतरी राउटर बंद करून चालू केला की झालं. पोरखेळ.

वर कुणीतरी.

फोन वाजला. “निघालो! ड्रायव्हर थांबेचना. पहिल्या वळणावर आहे, इथे मोबाईलला रेंज येते. काय आणू तुला? दगड, धुकं, की नुसता मी?”

तिने गोठलेल्या स्क्रीनकडे पाहिलं.

“अगं, बोल की. मिठाची गुळणी धरलीस का?”

“येऊ दे त्याला,” मामा हळूच म्हणाले. “उद्या दुसऱ्या कुणाला पाठवू.”

खिडकीबाहेर आभाळ भरून आलं होतं. नदीकाठची गावं तिला नकाशावरून तोंडपाठ होती.

“परत जा,” ती म्हणाली. “मी घाण केलीय. राउटर बंद करून चालू कर.”

पलीकडे इंजिनाची घरघर, आणि ड्रायव्हरचा आवाज: “साहेब, मी थांबणार नाही हं. धुकं उतरलं तर माझाही बुवा होईल.”

“म्हणजे आता पुढच्या आठवड्यात,” नवरा म्हणाला.

“हो.”

“बरं.” मग हसायचा प्रयत्न करत: “खोलीला कुलूप लावताना वाटलंच होतं, इतकं सुखासुखी कसं होतंय.”

तो चढ चढून परत गेला. राउटर उठला. या वेळी तिने आधी बजावलं, मगच हात लावला. प्रत्येक ओळ टाकण्याआधी बोट ठेवून वाचली. नव्या इंटरफेसला पत्ता. चालू. जुना बंद. बजावलेलं मागे. जतन. आकडे धडाधड यायला लागले. मामांनी टेबलावर थाप मारली आणि ते तिला न विचारता चहाला निघून गेले.

नव्या जोडणीवरून तिने वरच्या खोलीत फोन लावला.

“ऐकू येतंय?”

“येतंय.”

त्याची धापही येत होती. खुर्ची सरकली, तीही. खरखर कुठेच नव्हती. एका घरात राहत असतानाही तो तिला इतका जवळून ऐकू आला नव्हता.

“आता मी इथे काय करू?” त्याने विचारलं.

“काहीच नाही. सगळं आपोआप चालतंय.”

“मग बोलत राहा.”

ती बोलत राहिली. काय बोलली, ते तिला पुढे आठवेना.

तो पहिल्यांदा डोंगरावर निघाला, त्या सकाळी ती त्याला सोडायला गेली नव्हती. ऑफिसात तिला काम होतं.