हाक कुणाची

कौसाबाईने उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. नवऱ्याचं नाव धर्मराज, आणि 'धर्म' हा शब्द माणसाच्या तोंडात दिवसातून किती वेळा येतो! पण बाई पक्की. धर्मशाळेला ती 'यात्रेकरूंच्या खोल्या' म्हणायची, दानधर्माला नुसतं 'दान' म्हणून पुढे सरकायची. हळदीकुंकवाला बायका हटूनच बसल्या तर उखाणा घ्यायची खरी, पण नावापाशी आली की पदर तोंडावर आणि आवाज पोटात. बायका ओरडायच्या, "ऐकू नाय आलं!" तर ही म्हणायची, "ज्याला जायचं त्याला गेलं."

धर्मराजला याचं भारी कौतुक होतं. खरवईच्या शेतावर इमारती उठल्या, मुलगा जितेश अंबरनाथच्या कंपनीत लागला, कात्रपला फ्लॅट झाला, सून स्वप्नाली तर चारचौघांत नवऱ्याला 'जितू, चहा घे' म्हणू लागली. पण कौसाबाईचं 'अवो' काही सुटलं नाही. "आमच्याकडं अजून जुना माल हाय," असं धर्मराज मिशीत हसून सांगायचा.

आणि एके दुपारी ही बाई बिरड्यासाठी वाल सोलता सोलता थांबली. वाल बोटात तसाच. नजर समोरच्या भिंतीवर खिळलेली. आणि मोकळ्या, मोठ्या आवाजात म्हणाली, "धर्मा... धर्मा... ये ना."

धर्मराजच्या हातातलं वर्तमानपत्र गळून पडलं. धर्मा? त्याला धर्मा म्हणणारी एकच बाई होती, ती त्याची आई, गयाबाई. ती जाऊन बरीच वर्षं झालेली. तो बघतोय तोवर कौसाबाईचे ओठ हलायला लागले, चप-चप, चप-चप, तोंडात काही नसताना चघळणं सुरू झालं. दात पडल्यावर म्हातारी कुटलेलं पान असंच चघळायची, अगदी अस्संच! आता सांगा, त्या माणसाने दुसरं काय समजायचं?

अंगात आलेल्याला हात लावायचा नसतो, एवढं त्याला ठाऊक होतं. तो उठला, दोन पावलं मागे सरला आणि हात जोडून म्हणाला, "आये, आलीस? काय चुकलं का आमचं?"

थोड्या वेळाने कौसाबाई भानावर आली. डोकं ठणकत होतं. "काय झालं अवो?" तिने विचारलं. त्याने सांगितलं तशी तिने घाईघाईने डोक्यावरून पदर घेतला.

शेजारच्या इंदुबाईने तर शिक्कामोर्तबच करून टाकलं. "म्हातारीचा जीव गुंतलाय पोरात. नायतर कौसा नाव घेईल? जीभ झडली तरी घ्यायची नाय!" हे सगळ्यांना पटलं. जितेश म्हणत होता, एकदा डॉक्टरला दाखवू. पण बापाने डोळे वटारले. "आजीला काय डॉक्टरला दाखवतो? गप बस."

खरं सांगायचं तर धर्मराजला त्याची गोडी लागली. साठी उलटलेल्या माणसाला आईची हाक ऐकू येणं म्हणजे काय असतं! तो बाजारातून विड्याची पानं आणून ठेवायला लागला. हाक आली की मागे सरून हात जोडून बसायचा. आये, खरवईची जमीन गेली ती तुला आवडली नाय ना? आये, पोराचं बरं चाललंय. समोरून 'धर्मा, ये ना' एवढंच यायचं, पुढे ते चघळणं. तेवढ्यावर गडी दिवसभर खुशीत.

एकदा कौसाबाई म्हणाली, "अवो, ते यायच्या आधी पोटातून कायतरी वर चढतं. मग तुम्ही समोर असून लांब लांब जाता. मला लई भ्या वाटतं. असं वाटतं का मीच तुम्हाला हाका मारते."

"तू? नावाने?" धर्मराज खो खो हसला.

तीही लाजली. "शी! मी कशाला नाव घेऊ? म्हणजे त्याच असतील." आणि उठून चहा टाकायला गेली.

मग एका सकाळी ती ओट्यापाशी उभी असताना आखडली आणि धाडकन पडली. हातपाय झटके द्यायला लागले, तोंडाला फेस आला. जितेशने कुणाला विचारलं नाही, रिक्षा केली आणि थेट उल्हासनगरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे डोक्याला तारा चिकटवल्या, कागदावर नागमोडी रेघा निघाल्या, मशीनमध्ये घालून फोटो काढले. डॉक्टर सुहासिनी नावाची बाई होती, शांत. तिने धर्मराज आणि जितेशला समोर बसवलं.

"मेंदूत गाठ आहे," ती म्हणाली. "त्यातून फिट येते. एखाद्या लग्नाच्या हॉलमध्ये किती गलका असतो ना, जो तो दुसऱ्याशी वेगवेगळं बोलतोय? जागा मेंदू तसा असतो. ह्या भागाचं त्या भागाशी सारखं काही ना काही बोलणं चालू. त्या बोलण्यातूनच आपल्याला भान असतं. आता समजा एका कोपऱ्यातली चार माणसं ठेक्यात टाळ्या वाजवायला लागली, मग बाजूची, मग अख्खा हॉल. आवाज मोठा, पण बोलणं संपलं. कुणाचं कुणाला ऐकू जात नाही. फिटमध्ये हेच होतं. डोळे उघडे राहतात, तोंड चघळतं, पण माणूस हरवतो."

"चघळतं?" धर्मराज पुढे सरकला. "ते फिटचं असतं?"

"हो. पुष्कळ जणांना होतं."

"आणि... हाक मारते ती?"

"हाक आधी येते की चघळणं?"

"हाक. मग चघळणं."

"मग त्या वेळी टाळ्या अजून कोपऱ्यातच असणार. म्हणजे बहुतेक त्या स्वतःच असतात. त्यांना कळत असतं की आपण चाललो. फार भीती वाटते तेव्हा. समोरचं माणूस दूर जातंय असं वाटतं. अशा वेळी माणूस आपल्या माणसाला बोलावतं."

"पण ती माझं नाव घेत नाय हो! कधीच नाय!"

"भीतीत कसली मर्यादा राहते, काका?"

जितेश हळूच म्हणाला, "बाबा, आजी घरात तुम्हाला कायम धर्माच म्हणायची. आईच्या मनात पण तेच असेल ना."

बायको बुडताना 'ये ना, ये ना' म्हणत होती, आणि धर्मराज, हा शहाणा, दोन पावलं मागे सरून हात जोडत होता. बाहेर येऊन त्याने दवाखान्याच्या जिन्यावर बसकण मारली आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. येणारीजाणारी माणसं वळसा घालून जात होती. आधी आणलं असतं तर, हे त्याने परत आत जाऊन डॉक्टरला विचारलं. ती म्हणाली, आता पुढचं बघू. म्हणजे काय ते त्याला कळलं.

गाठ खोल होती, काढता येण्यासारखी नव्हती. गोळ्या देऊन घरी पाठवलं. फिट पुन्हा येऊ शकते, असं डॉक्टरने बजावलं. आली तर कुशीवर वळवा, जवळ बसा, आणि जोवर ऐकू जातंय तोवर बोला.

धर्मराजने मनाशी गाठ बांधली. आता एकदा तरी तिने हाक मारायची आणि मी ओ द्यायची. एकदा! मागच्या सगळ्या हाका वाया गेल्या, पण एकीला तरी तिच्या नवऱ्याने ओ दिली, हे तिला कळलं पाहिजे. त्याने बाहेर जाणं सोडलं. दूध आणायला स्वप्नाली, औषधाला जितेश. हा आपला खाटेशेजारी खुर्ची टाकून.

एकदा ती बरी, हसरी होती. केस विंचरून घेत होती सुनेकडून. स्वप्नाली आत गेल्यावर त्याने हळूच विषय काढला. "ती आये नव्हती गं. डॉक्टर म्हणाली, तूच होतीस. तूच मला हाका मारायचीस."

कौसाबाईचा चेहरा खर्रकन उतरला. "मी? नाव घेऊन?"

"मग काय झालं..."

"इंदुबाईसमोर? सुनेसमोर? पोरासमोर?" तिचे डोळे भरून आले. "एवढी निर्लज्ज झाले मी? नवऱ्याला नावाने ओरडले भरल्या घरात?" तिने पदरात तोंड खुपसलं आणि अशी रडायला लागली की थांबेचना. डोकं दुखायला लागलं, श्वास लागला. धर्मराजची घाबरगुंडी उडाली. डॉक्टर म्हणाली होती, त्रास होऊ देऊ नका.

"अगं नाय, नाय! गंमत केली तुझी," तो म्हणाला. "आयच होती. तू कशी असशील? तुला मी ओळखत नाय का?"

"शपथ?"

"शपथ."

तेव्हा कुठे ती निवली. नाक पुसून म्हणाली, "काहीतरीच बोलता तुम्ही." आणि त्याच्या हातून पाणी प्यायली. धर्मराजला वाटलं, असू दे. तिला कशाला पटायला हवं? हाक आली की मी ओ देईन, हात धरीन, मग तिला आपोआप कळेल.

ती हाक यायची वेळ भर दुपारी आली. खालच्या शाळेतली पोरं सुटली होती, गलका चालला होता. कौसाबाई उशीला टेकून बसली होती. एकदम तिने पोट दाबून धरलं. डोळे मोठे झाले, धर्मराजला शोधायला लागले. तो समोरच तर होता! त्याने झेप घेऊन तिचे दोन्ही हात धरले. "मी हाय कौसा. इथंच हाय. मार हाक. मार ना!"

तिचे ओठ उघडले. 'ध' निघाला, अर्धाच. आणि तिने ओठ मिटून घेतले, दाताखाली घट्ट दाबले. भीतीने सगळं अंग थरथरत होतं. मग कशीबशी म्हणाली, "अवो... त्या येतायत."

"कोण येतंय? कुणी नाय गं!"

"सासूबाई. तुमच्यासाठी... येतायत." तिने आपले हात त्याच्या हातातून सोडवायला सुरुवात केली. "मी... होते बाजूला. तुम्ही बोला त्यांच्याशी. तुम्हाला... बरं वाटतं ना."

"मला आय नको! कौसा, मला तू पायजेस! तूच होतीस ती, मी खोटं बोललो, खोटी शपथ घेतली मी! ऐकतेस ना?"

कौसाबाईने मात्र भिंतीकडे तोंड वळवलं होतं, दोघांच्या बोलण्यात आपण कशाला, म्हणून वळवतात तसं. थोड्या वेळाने तिचे ओठ हलायला लागले, चप-चप, चप-चप. धर्मराज तिच्या पाठीला बिलगून ओ देत राहिला, "ओ, कौसा... ओ... आलो गं." स्वप्नाली धावत आली, तिने रिक्षा बोलावली, जितेशला फोन लावला. दवाखान्यात पोचल्यावरही तो ओ देत होता. ती काही पुन्हा जागी झाली नाही.