ओटीचा खण

आमच्या बोळात एक खण होता. कुणाचा म्हणून विचाराल तर सांगता येणार नाही, कारण तो कुठल्याच घरात फार दिवस टिकत नसे. हिरवा, लाल काठाचा, आणि काठाजवळ तेलकट हळदीचा बोटभर डाग. आमच्या अंबिकावहिनींनी त्यानं वकिलांच्या विजयाबाईंची ओटी भरावी, विजयाबाईंनी तोच प्रेमलाताईंच्या ओटीत घालावा, आणि फिरत फिरत तो पुन्हा आमच्याच पेटीत यावा. घेणारी दर वेळी म्हणायची, "अगंबाई, कशाला एवढं!" देणारी म्हणायची, "एवढं कसलं, खणच तर आहे." डाग दोघींनाही दिसत असे. बरोबरचा नारळही तोच असावा, कारण हलवला तर आतलं पाणी वाजेनासं झालं होतं.

हे सगळं मी माजघराच्या दाराआडून बघायची. मी विधवा, भावाच्या घरी राहणारी. हळदीकुंकवाच्या बैठकीत मला जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर ती सोंगं दुरून बघायलाच बरी वाटत.

लढाईचं पाचवं वर्ष चालू होतं. साखर गेली, रॉकेल गेलं, कापड तर नगरच्या दुकानांतून असं नाहीसं झालं की सगळं भिंगारच्या लष्करी छावणीनंच गुंडाळून नेलं असावं. जे उरलं त्याचा भाव ऐकून माणसं आल्या पावली पायरी उतरत. कंट्रोलचं कापड सरकारी भावानं मिळे, पण रांगेत उभं राहावं लागे. आमची भांडी घासणारी भीमाबाई उभी राहायची. ती एकदा वहिनींना म्हणाली, "तुमीबी या की वो बाई. जाडंभरडं हाय, पन अंग तर झाकतंय." वहिनींनी नाक मुरडलं. भीमाबाईच्या मागे रांगेत उभं राहायचं म्हणजे काय! घरात गुळाचा चहा पिऊन बाहेर साखरेच्या गप्पा मारणारी ही माणसं. मला त्यांची अगदी शिसारी येई.

वहिनींचा मुलगा, माझा भाचा सुमंत, कचेरीत कारकून. पगार होता तिथेच, रुबाब मात्र वाढलेला. त्याच्या बायकोला, पुष्पावतीला, सातवा महिना लागला होता. पोरीकडे चोळ्या दोनच. दोन्ही बगलेत फाटलेल्या, आणि आता पुढची गाठही बसेना. श्रावणात तिचा भाऊ अकोल्याहून तिला बाळंतपणाला न्यायला येणार होता.

"आत्याबाई, दादासमोर अशी कशी जाऊ हो?" ती मला म्हणाली. "आई विचारेल, सासरी तुला अंगभर कापडही मिळत नाही का? काय सांगू तिला?"

सुमंतला विचारलं तर तो म्हणाला, लढाई संपू दे, मग घेऊ. जसं काही तिचं पोट लढाई संपेपर्यंत थांबणार होतं!

तशात वहिनींनी तिचं डोहाळजेवण केलं. न करून कसं चालेल? बोळात नाक राहायला हवं ना. पोरीला स्वतःचं हिरवं लुगडं नेसवलं, आत चोळी तीच फाटकी. पदर घट्ट लपेटून ती पाटावर बसली. बायकांनी तांदूळ-सुपारीनं ओट्या भरल्या, आणि शेवटी विजयाबाईंनी ऐटीत तो खण तिच्या ओटीत घातला. पुष्पाचा चेहरा असा उजळला की मला भरून आलं. बिचारीला वाटलं, आता चोळी झाली.

बायका गेल्या. वहिनींनी माजघरात येऊन हात पुढे केला.

"आण तो खण. शुक्रवारी विजयाबाई सवाष्ण म्हणून जेवायला यायच्यात. त्यांच्या ओटीत काय घालू?"

पुष्पानं खण छातीशी धरला. "सासूबाई, माझ्या ओटीत पडला ना तो? मी चोळी शिवते ह्याची."

"शिवतेस? मग फिरून द्यायचं काय? बोळात तोंड कसं दाखवायचं मी?"

पोरीनं मान खाली घातली आणि खण पुढे केला.

मी उठले. वहिनींचा हात पोचायच्या आत तो खण घेतला, झटकला आणि माझ्या खांद्यावर टाकला.

"वन्सं!" वहिनी ओरडल्याच. "अहो, ओटीचा खण तो! तुमचा हात लागला! आता कुठल्या सवाष्णीच्या ओटीत घालू मी?"

"कुठल्याच नाही," मी म्हणाले. "म्हणून तर उचलला."

"आणि ही पोटुशी घालणार होय तो?"

"तुमच्या अंगावरची चोळी कुणी शिवलीय, वहिनी?"

वहिनींनी पुढे केलेला हात मागे घेतला. घरातल्या झाडून सगळ्या चोळ्या मीच शिवते. तिथे माझा हात चालतो. नवरा गेल्यापासून ओटीपुरता तेवढा हा हात अशुभ झाला. म्हटलं, आज त्या अशुभाचा कुणाला तरी उपयोग होऊ दे.

दुसऱ्या दिवशी मी कातर घेतली. आणखी दोन महिन्यांनी सोडता येईल अशी शिवण ठेवली. डाग आत दुमडून टाकता आला असता. मी तो मुद्दाम उजव्या बाहीवर घेतला, भर दंडावर.

गुरुवारी पुष्पाचा भाऊ आला. टांगा बोळाच्या तोंडाशी उभा राहिला. पुष्पा ताठ मानेनं बाहेर आली, आणि बायका कुंकू लावायला जमल्या. विजयाबाईंचा हात कपाळाशी आणि डोळे दंडावर. प्रेमलाताईंनीही पाहिलं. सगळ्याच जणींनी पाहिलं.

"छान बसलीय हो चोळी," विजयाबाई कशाबशा म्हणाल्या. "नवीन का?"

"नवीनच," वहिनी म्हणाल्या.

शुक्रवारी विजयाबाई जेवून उठल्या तेव्हा वहिनींनी त्यांच्या ओटीत नुसते मूठभर तांदूळ घातले. विजयाबाईंनी पदरात पाहिलं. 

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "कशाला एवढं!"