शेपटीवाली जुळी

संशयमामा आरशात बघतानासुद्धा आधी मागे कोण उभं आहे ते बघायचे, मग स्वतःला. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतले संगणक त्यांच्या ताब्यात होते. सामायिक फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलीवर रोज सकाळी नवी तारीख चढवणारी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या हुकमांची यादी, त्यांनी वीस वर्षांपूर्वी लिहिली होती. जगात तेवढी एकच भरवशाची, असं ते म्हणत. बायको समोर असली तरी म्हणत.

आठ दिवसांपूर्वी ती स्क्रिप्ट चालवायला वेगळ्या बनावटीचं नवं यंत्र आलं आणि त्याच दिवशी त्यांची भाचेसून कच्च्या नोकरीवर रुजू झाली. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक फाइलीला जुळं होऊ लागलं! नाव तेच, मागे फक्त -e हे शेपूट.

कुणीतरी प्रती काढून पळवतंय, मामांनी ताडलं. यंत्राला हात नसतात, सूनबाईला चांगले दोन आहेत. तिला काढून टाकण्याबद्दल साहेबांसाठी तक्रार लिहून त्यांनी ती त्याच फोल्डरमध्ये 'जुने-पंखे' या नावानं दडवली. कुलपातली वस्तू चोर आधी शोधतो, हा त्यांचा सिद्धान्त. साहेब दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला येणार होते.

त्या दिवशी दोनलाच सूनबाई समोर उभी. "मामा, मला काढताय म्हणे?"

"कोण म्हणालं?" मामांनी टेबलाखाली वाकून पाहिलं.

"ते राहू द्या. मी काचेपलीकडं हात वर करून बसते. तुम्ही स्क्रिप्ट चालवा."

मामांनी सगळी जुळी पुसली, एक डोळा तिच्या हातांवर ठेवला आणि बटण दाबलं. पापणी लवायच्या आत जुळी हजर!

"तुमच्याच लाडक्या लेकीची, या स्क्रिप्टची, पोरं ही," ती आत येत म्हणाली. "तुम्ही तारीख बदलायला sed -i -e असा हुकूम लिहिलाय. जुन्या यंत्राला -i म्हणजे जागच्या जागी बदल, नि -e म्हणजे पुढं हुकूम येतोय, एवढं कळायचं. नवं यंत्र बदलाआधीची प्रत राखून ठेवतं, त्याला -i नंतर त्या प्रतीच्या नावाचं शेपूट लागतं. त्यानं -e लाच शेपूट मानलं."

"मग करायचं काय?"

"-i च्या वाटेला जाऊ नका. बदललेला मजकूर तात्पुरत्या फाइलीत लिहा, तो नीट उतरला तरच मूळ नावावर हलवा. दोन्ही यंत्रांना पटतं."

मामांनी तसं केलं. जुन्यावर चालवलं, नव्यावर चालवलं. एकही नवं जुळं नाही.

"आता 'जुने-पंखे' पुसा," ती म्हणाली. "शेपटीवालेसुद्धा."

"तू वाचलंस?"

"पंख्याला शेपूट फुटलेलं दिसल्यावर कोण उघडून बघणार नाही?"

मामांनी दोन्ही पुसले. साहेब आले, तेव्हा सूनबाईला कायम करा असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. तिनं तिसरी प्रत कुठं ठेवली असेल, हे विचारायचा धीर मात्र त्यांना अजून झालेला नाही.